हुतात्मा पोलिसांच्या स्मारकाची देखभाल : ग्वाल्हेरच्या नागरिकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वीच्या 21 ऑक्टोबरला आमच्या शहरातल्या एका पोलीस स्मारकापाशी एक वृद्ध आई पाटीवर बोट फिरवत आपल्या मुलाचे नाव शोधत होती. मुलगा आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, होता. कार्यक्रमासाठी दोनच दिवस आधी स्मारकाला घाईघाईने रंग देण्यात आला होता आणि त्या रंगाने कोरलेली अक्षरे काठोकाठ बुजली होती. शेवटी कुणीतरी वरून ओळी मोजत मोजत तिला जागा दाखवली. ज्याने रंग दिला त्याचा हेतू वाईट नव्हता, पण स्मारकाची सर्वांत मोठी हानी त्याच दोन दिवसांत झाली होती. तेव्हापासून आम्ही काही मराठी कुटुंबे अशा कामात जमेल तसा हात लावत आलो आहोत. त्यातून जे समजले ते इथे क्रमाने लिहीत आहे. आपल्या वस्तीजवळच्या स्मारकासाठी काही करावे असे ज्यांना मनापासून वाटते, पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

आधी दिवसाविषयी थोडे, कारण स्मारकावर काम करणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा. 21 ऑक्टोबर 1959 रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज भागात, सुमारे 16,000 फूट उंचीवर, बेपत्ता सहकाऱ्यांचा शोध घेणाऱ्या करम सिंग यांच्या तुकडीवर चिनी सैन्याने गोळीबार केला आणि त्यात 10 पोलीस मारले गेले. त्यांचे मृतदेह 13 नोव्हेंबरला परत मिळाले आणि तिथेच पोलीस इतमामाने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. जानेवारी 1960 मध्ये राज्यांच्या पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने हा दिवस देशभर पोलीस स्मृती दिन म्हणून पाळण्याचे ठरवले. त्या दिवशीच्या संचलनात जी नावे वाचली जातात ती आधीच्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपासून चालू वर्षाच्या 31 ऑगस्टपर्यंत कर्तव्यावर प्राण गमावलेल्यांची असतात. नवे नाव कोरायचे असेल तर त्याची माहिती सप्टेंबरात मिळते आणि कामाला जेमतेम सहा-सात आठवडे उरतात, हे त्यामुळे आधीच ध्यानात ठेवावे लागते. दिल्लीत चाणक्यपुरीला 2018 मध्ये याच तारखेला राष्ट्रीय पोलीस स्मारकाचे उद्घाटन झाले. तिथल्या शौर्य भिंतीवर स्वातंत्र्यानंतरच्या 34,844 जणांची नावे तेव्हा कोरलेली होती. आपल्या राज्याचे मुख्य स्मारक भोपाळच्या लाल परेड मैदानावर आहे. या दोन्ही ठिकाणी सरकारी यंत्रणा असते. खरी गरज पोलीस लाईनीतल्या, ठाण्याच्या आवारातल्या आणि एखाद्या चौकातल्या लहान स्मारकांना असते.

आणि आपल्या भागात ती का आहेत, हे ग्वाल्हेरकराला वेगळे सांगावे लागू नये. भिंड-मुरैनाच्या बीहडांत डाकूंशी झालेल्या चकमकींत कितीतरी आरक्षक आणि प्रधान आरक्षक गेले. एप्रिल 1972 मध्ये जौऱ्याजवळ जयप्रकाश नारायणांसमोर झालेले मोठे आत्मसमर्पण आजही सर्वांना आठवते. त्याआधीच्या वर्षांत ज्यांनी बंदूक घेऊन रात्र-रात्र खोऱ्यांतून पायपीट केली त्यांची नावे मात्र फार थोड्यांना सांगता येतील. ती नावे जिवंत राहण्याची जागा म्हणजे हा दगड.

पहिली पायरी : स्मारक कुणाच्या ताब्यात आहे ते शोधणे

ब्रश हातात घेण्याआधी कागद हातात घ्यावा. स्मारक पोलीस लाईनीत असेल तर त्या आवाराची व्यवस्था रक्षित निरीक्षकांकडे असते, ज्यांना सगळे आरआय साहेब म्हणतात, आणि परवानगी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयातून येते. ठाण्याच्या आवारात असेल तर थाना प्रभारींना भेटून अर्ज वर पाठवण्याची विनंती करावी. विशेष सशस्त्र दलाच्या वाहिनीच्या, म्हणजे बटालियनच्या, आवारात असेल तर तिथले सेनानी, म्हणजे कमांडंट, निर्णय घेतात. चौकातले किंवा उद्यानातले स्मारक बहुधा नगर निगमाचे असते, आणि क्वचित एखाद्या शाळेने किंवा न्यासाने आपल्या जागेत उभारलेले असते. मालकी कुणालाच सांगता येत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून नगर निगमाला आणि पोलीस अधीक्षक कार्यालयाला वेगवेगळे अर्ज द्यावेत. 30 दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे.

आपल्या शहरात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या पुरातन वास्तूंपासून 100 मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटरचे क्षेत्र नियंत्रित मानले जाते. ही तरतूद 1958 च्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पक्की झाली. किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा अशाच एखाद्या वास्तूजवळ आपले स्मारक असेल तर झाडलोट आणि धुणे चालेल, पण चौथरा नव्याने बांधणे किंवा मोठी दुरुस्ती करणे परवानगीशिवाय होणार नाही.

अर्ज हिंदीत, एका पानाचा आणि नेमका असावा. कोण येणार त्यांची नावे आणि ओळखपत्रांच्या प्रती, कोणत्या तारखेला किती ते किती वाजेपर्यंत काम चालेल, कोणते साहित्य वापरले जाईल आणि कोणते वापरले जाणार नाही, एवढे त्यात लिहावे. सोबत स्मारकाच्या आजच्या स्थितीची चार-पाच छायाचित्रे जोडावीत. पोलीस लाईनीत शस्त्रागार असते, तेव्हा स्मारकाखेरीज आवारातल्या कशाचेही छायाचित्र घेतले जाणार नाही, असे आपण होऊन लिहून द्यावे. परवानगी तोंडी मिळाली तरी लेखी मागावी. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात. ज्यांनी प्रेमाने होकार दिला ते सहा महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यात असतात आणि नव्या साहेबांना आपण कोण हे ठाऊक नसते. आम्ही हा धडा एकदा फाटकातून परत येऊन शिकलो आहोत.

दुसरी पायरी : नावांची वही

ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. दगड झिजला तर दुसरा बसवता येतो, पण झिजलेले नाव कुठेच लिहून ठेवलेले नसेल तर ते परत मिळत नाही.

सकाळी किंवा संध्याकाळी उन्हे तिरपी असताना पाटीची छायाचित्रे घ्यावीत. तिरप्या प्रकाशात उथळ झालेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. ढगाळ दिवशी एका बाजूने टॉर्च धरूनही हेच साधता येते. खडूने अक्षरे भरून किंवा पीठ चोळून वाचण्याचा मोह टाळावा. मग एका जाड वहीत पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा, ओळींच्या क्रमाने, चुकांसह उतरवावा. प्रत्येक नावापुढे हुद्दा, असल्यास क्रमांक, ठाणे किंवा वाहिनी आणि वीरगतीची तारीख यांसाठी रकाने ठेवावेत आणि जे दगडावर नाही ते कार्यालयातल्या नोंदीवरून भरून देण्याची विनंती करावी. वहीची एक प्रत कार्यालयात आणि एक आपल्याकडे राहू द्यावी.

इथे मराठी वाचकांसाठी एक खास गोष्ट. आपल्या शहरात शिंदेशाहीच्या काळापासून मराठी घरांतली माणसे लष्करात आणि पोलिसांत आहेत, पण पाट्या हिंदीत कोरल्या जातात आणि हिंदीत ‘ळ’ वापरात नाही. काळे यांचे ‘काले’ होते, गोखल्यांचे काही बिघडत नाही, पण पिंगळे यांचे ‘पिंगले’ आणि टिळक यांचे ‘तिलक’ होऊन बसते. ही चूक मानायची की नाही? माझे मत असे की, याचा निर्णय आपण करू नये. सेवापुस्तिकेत नाव जसे आहे तसेच पाटीवर असावे असा विभागाचा आग्रह असतो आणि तो रास्त आहे, कारण निवृत्तिवेतनापासून सन्मानपत्रापर्यंत सारे त्याच नावाने चालते. मात्र कुटुंबाची इच्छा ‘ळ’ची असेल तर त्यांच्या सहीचा अर्ज विभागाकडे पोहोचवणे, आणि पाटी नव्याने कोरण्याची वेळ येईल तेव्हा कारागिराला ‘ळ’ मोठ्या आकारात कागदावर काढून देणे, हे आपले काम आहे. इथल्या कोरणाऱ्याला हे अक्षर हाताखालून गेलेले नसते. त्याला नुसते सांगितले तर तो नेमके काय कोरील याचा भरवसा नाही. वहीत मात्र दोन्ही रूपे शेजारी-शेजारी लिहावीत.

तिसरी पायरी : दगड ओळखणे

आपल्याकडच्या स्मारकांत साधारण तीन प्रकारचे दगड दिसतात. चौथरा आणि स्तंभ वालुकाश्माचे असतात, म्हणजे ग्वाल्हेरचा पांढुरका किंवा शेजारच्या धौलपूरचा गुलाबी-तांबडा दगड. नावांच्या पाट्या पांढऱ्या संगमरवराच्या असतात, आणि अलीकडच्या कामांत काळा ग्रॅनाइट असतो. तिघांचे स्वभाव निराळे आहेत. वालुकाश्म पाणी पितो. त्यात शिरलेले पाणी बाहेर पडताना आतले क्षार पृष्ठभागावर आणते, तिथे पांढरा लोणा धरतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. संगमरवर म्हणजे मूलतः कॅल्शियम कार्बोनेट, त्यामुळे कोणत्याही आम्लाने, अगदी लिंबाच्या रसानेही, त्याची झिलई विरघळते. ग्रॅनाइट कणखर असतो, पण त्याच्या कोरीव अक्षरांत भरलेला सोनेरी रंग नाजूक असतो.

म्हणून तेजाब, म्हणजे बाजारात फरशीसाठी मिळणारे आम्ल, स्मारकाजवळ आणूच नये. ते लावले की दगड क्षणभर उजळतो आणि पाहणारे खूश होतात. पण संगमरवराची अक्षरे त्याने दरवेळी थोडी उथळ होतात, आणि वालुकाश्मातले लोह सुटून पिवळे-तपकिरी डाग वर येतात, जे मग कशानेही जात नाहीत. तारेचा ब्रश, काचकागद, ब्लीचिंग पावडर, कपड्यांचा सोडा आणि जोरदार फवाऱ्याचे यंत्र यांचेही तेच. फवाऱ्याच्या यंत्राबद्दल लोक वाद घालतात, कारण गाड्या त्याने छान धुतल्या जातात. पण गाडीच्या पत्र्याला छिद्रे नसतात आणि वालुकाश्माला असतात.

चौथी पायरी : महिन्याची धुलाई

साहित्य साधे आहे : दोन बादल्या, मऊ नायलॉनचे ब्रश, अक्षरांसाठी जुने पण मऊ टूथब्रश, सुती फडकी, बांबूच्या काड्या आणि स्वच्छ पाणी. बोअरचे पाणी खारट असेल तर शेवटच्या धुण्यासाठी नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. साबण लागलाच तर सौम्य, सामू (पीएच) सातच्या आसपास असलेला द्रव साबण घ्यावा आणि पाच लिटर पाण्यात एखादा चमचा, इतकाच घालावा. पहिल्या वेळी स्मारकाच्या मागच्या बाजूला तळाशी, तळहाताएवढ्या जागेवर करून पाहावे, पूर्ण वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी रंग बदलला नाही ना हे बघूनच पुढे जावे.

काम सूर्योदयानंतर लगेच सुरू करावे. एप्रिल ते जूनमध्ये आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. दुपारी दगडाला हात लावता येत नाही आणि साबणाचे पाणी धुण्याआधीच वाळून डाग पडतात. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडावी, कारण आंधीनंतर बसलेली वाळू ओली करून घासली तर तीच काचकागदाचे काम करते. मग साध्या पाण्याने दगड पूर्ण भिजवावा. भिजलेला दगड साबण आत शोषत नाही. घासताना तळाकडून वर जावे, म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या दगडावर न उतरता आधीच भिजलेल्या भागावरून जातात आणि पट्टे उमटत नाहीत. ब्रश लहान लहान गोलाकार फिरवावा, जोर देऊ नये. शेवटी वरून खाली भरपूर पाण्याने धुवावे आणि साबणाचा अंशही राहू देऊ नये. वालुकाश्म घासताना ब्रशला रेती लागू लागली तर तिथेच थांबावे. तो भाग धुण्याचा राहिलेला नाही, जाणकाराला दाखवण्याचा आहे.

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते, ती महिनाभर राहू देऊ नये. ओल्या फडक्याने ती आधी मऊ करावी आणि मग बांबूच्या काडीने अलगद काढावी. शेवाळ पावसाळ्यानंतर येते. ते कोरडे पडल्यावर निम्मे ब्रशनेच निघते, म्हणून सप्टेंबर अखेरीपर्यंत थांबण्यात तोटा नाही. तेलाचे, तुपाचे डाग संगमरवरावर असतील तर मुलतानी माती शुद्ध पाण्यात घट्ट कालवून तिचा बोटभर जाड लेप द्यावा, वर ओले कापड आणि प्लॅस्टिक झाकून एक दिवस ठेवावा, मग झाकण काढून पूर्ण वाळू द्यावा. वाळताना माती तेल ओढून घेते. ताजमहालाच्या संगमरवरावर पुरातत्त्व विभाग वर्षानुवर्षे मातीचा लेपच वापरत आला आहे. एका लेपाने डाग जात नाही, दोन-तीन वेळा धीराने करावे लागते.

पितळी पाटी असेल तर चिंच, लिंबू यांनी ती घासू नये. पाटीभोवतीच्या दगडावर त्याचा रस उतरतो. पितळेसाठी मिळणारी पॉलिश फडक्यावर घेऊन, आजूबाजूचा दगड जाड कागदाने झाकून, वर्षातून एक-दोनदाच वापरावी. वारंवार घासल्याने पितळेवरची अक्षरेसुद्धा झिजतात.

पाचवी पायरी : दुरुस्ती, आणि कुठे थांबायचे

नागरिकांनी स्वतः करायच्या दुरुस्त्या थोड्याच आहेत. चौथऱ्याच्या फटीत पिंपळाचे रोप उगवले असेल तर ते दोन पानांचे असतानाच मुळासकट काढावे. मनगटाएवढे झाल्यावर ओढले तर दगडच निखळतो, मग ते बुंध्याशी कापून पुढचे काम गवंड्यावर सोपवावे. पावसाचे पाणी चौथऱ्यावर साचत असेल तर त्याची वाट मोकळी करावी. लोखंडी कठड्याचा गंज खरवडून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, वर रंग द्यावा. हे काम नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा कोरडी असताना करावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात रंग धड वाळत नाही. रंगाचा थेंब दगडावर पडू नये म्हणून खाली कापड अंथरावे.

बाकीची कामे कारागिराची. त्याच्यावर लक्ष मात्र आपले हवे. दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरण्याची सगळ्यांना सवय असते, पण सिमेंट वालुकाश्मापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असते. पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही आणि दगडाच्या अंगातून वाट काढते, त्यामुळे काही वर्षांत सिमेंट शाबूत राहते आणि शेजारचा दगड झडतो. चुना आणि वाळूचा, हवी तर सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, घातलेला, मसाला वापरणारा गवंडी शोधावा. जुन्या वाड्यांची कामे केलेली माणसे शहराच्या लष्कर भागात आणि मुरारमध्ये अजून भेटतात. चुन्याचे काम भर उन्हाळ्यात करू नये आणि केल्यावर आठवडाभर ओले पोते टाकून दमट ठेवावे. पाटी बसवताना लोखंडी खिळे किंवा पट्ट्या वापरू देऊ नयेत. गंजताना लोखंड फुगते आणि आतून दगडाला तडा देते. स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरायला सांगावे.

अक्षरे पुन्हा रंगवायची असतील तर फक्त कोरीव खाचेत, बारीक ब्रशने रंग भरावा आणि बाहेर गेलेला रंग ओला असतानाच टिपून घ्यावा. संपूर्ण दगडाला रंग किंवा चुना फासण्याला स्पष्ट नकार द्यावा. हा नकार सप्टेंबरातच लेखी कळवावा, कारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे घाईत असतात आणि रंगाचा डबा हा सर्वांत सोपा उपाय वाटतो. अक्षरे इतकी उथळ झाली असतील की रंगही धरत नाही, तर ती पुन्हा कोरण्याऐवजी जुनी पाटी जागेवर ठेवून शेजारी नवी बसवता येईल का, ते विचारावे.

नवा दगड विकत घ्यावा लागला तर एका गोष्टीत तडजोड करू नये. 8 मार्च 2012 रोजी मुरैना जिल्ह्यातल्या बानमोर इथे तरुण आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार अवैध उत्खननाच्या दगडांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अडवताना तिच्याखाली चिरडले गेले. ज्या भागात दगडाची चोरी थांबवताना पोलीस अधिकाऱ्याचा जीव जातो, तिथे हुतात्म्यांच्या चौथऱ्याला चोरीचा दगड लागणे हा त्यांचा अपमान आहे. विक्रेत्याकडून पक्के बिल, रॉयल्टी भरल्याचा पुरावा आणि खनिज वाहतुकीचा परवाना, ज्याला इथे ई-टीपी म्हणतात, त्याची प्रत मागावी आणि ती वहीत चिकटवावी. परवाना नाही म्हणून दगड स्वस्त मिळतो आहे असे कुणी सांगितले तर तो घेऊ नये.

सहावी पायरी : पैसा

इथे चांगली माणसेही अडचणीत येतात. पोलिसांच्या नावाने रोख वर्गणी गोळा करू नये, आणि कर्मचाऱ्यांना ती गोळा करायला सांगूही नये. सरकारी सेवकांना पूर्वपरवानगीशिवाय वर्गणी जमवण्यास आचरण नियमांची मनाई आहे. सर्वांत निर्वेध मार्ग वस्तुरूप मदतीचा. कठड्याचा रंग, दिवे, नळजोडणी किंवा पाटी यांचे बिल आपण थेट दुकानदाराला किंवा कारागिराला चुकते करावे आणि वस्तू स्वीकारल्याचे पत्र कार्यालयाकडून घ्यावे. काम दरवर्षी चालणार असेल तर एखाद्या आधीच नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून ते करावे. तशी संस्था नसल्यास मध्य प्रदेशच्या 1973 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नवी नोंदवता येते, पण एका चौथऱ्यासाठी संस्था काढण्याचा खटाटोप मला अनावश्यक वाटतो. प्रत्येक खर्चाचा हिशेब वर्षातून एकदा स्मारकाजवळच्या सूचना फलकावर लावावा.

देणगीदारांना करसवलत हवी असते. ज्याला सगळे 80जी म्हणतात ती सवलत त्या मान्यतेच्या संस्थेलाच दिलेल्या देणगीवर मिळते आणि 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी पैसे पाठवले तर प्रश्न नाही. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांचे पासपोर्ट मात्र विचारावेत. भारतीय पासपोर्टधारकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही, पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्याची ठरते, मग तो मूळचा दौलतगंजचा असला तरी. अशी रक्कम परदेशी देणगीविषयक कायद्याखालील नोंदणी किंवा परवानगी नसलेल्या संस्थेला घेता येत नाही. ‘भारत के वीर’ या गृह मंत्रालयाच्या 2017 पासूनच्या योजनेचे नाव पुष्कळ जण सुचवतात. ती चांगली योजना आहे, पण तिच्यातून केंद्रीय सशस्त्र दलांच्या हुतात्म्यांच्या कुटुंबांना मदत मिळते, स्मारकांच्या देखभालीला नाही.

सातवी पायरी : 21 ऑक्टोबर

सारी धुलाई 15 तारखेपर्यंत संपवावी. त्यानंतर फक्त धूळ झाडावी. संचलन, शोक शस्त्र (शस्त्रे उलटी धरून दिलेली मानवंदना), नावांचे वाचन आणि पुष्पचक्र अर्पण हा पोलीस दलाचा कार्यक्रम आहे आणि त्याचा क्रम तेच ठरवतात. नागरिकांनी आपले स्थान विचारून घ्यावे. आपण उपयोगी पडू शकतो ते कुटुंबीयांच्या व्यवस्थेत. भिंड किंवा दतियाच्या एखाद्या गावाहून पहाटेच्या बसने आलेल्या वयस्कर आई-वडिलांना स्थानकावरून आणणे, सावलीत बसायला जागा आणि पाणी मिळेल हे पाहणे, कार्यक्रमानंतर गर्दी ओसरली की त्यांना त्या नावापाशी निवांत उभे राहू देणे, हे सर्व आपल्या हातचे आहे. त्यांचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. आपण कोण, कुठे काम करतो, हे सांगण्याची ती वेळ नसते. त्यांना मुलाविषयी बोलायचे असेल तर ऐकावे, आणि त्यांनी परवानगी दिली तरच वहीत त्याच्या नावापुढे दोन ओळी लिहाव्यात.

तिरंगा लावायचा असेल तर तो वेगळ्या स्तंभावर, नीट दिसेल असा लावावा. ध्वज संहितेनुसार राष्ट्रध्वजाने पुतळा किंवा स्मारक झाकता येत नाही, अनावरणाच्या वेळीही नाही. शोक म्हणून आपल्या मनाने ध्वज अर्ध्यावर उतरवू नये, तो निर्णय सरकारचा असतो. जुलै 2022 च्या बदलानंतर रात्रीही ध्वज ठेवता येतो, पण फाटलेला किंवा विटलेला ध्वज एक दिवसही राहू देऊ नये.

फुलांबाबत आपल्या शहराला सवय आहे. जूनमध्ये फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर किती हार चढतात ते आपण पाहतोच. स्मारकावर मात्र हार थेट दगडावर न ठेवता समोर लाकडी किंवा स्टीलच्या घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, ठेवण्याची विनंती करावी. पुष्पचक्रांच्या आत लोखंडी तार असते. दव पडून ती एका रात्रीत गंजते आणि दगडावर तांबडे कडे उमटते. झेंडूचा रसही पांढऱ्या दगडाला पिवळा करतो. पणत्या आणि मेणबत्त्यांसाठी वाळूने भरलेले परात ठेवावे, म्हणजे तेल आणि मेण वालुकाश्मात शिरणार नाही. कुंकू, शेंदूर वाहण्याचा कुणाचा भाव असेल तर त्यासाठी एक ताम्हण ठेवावे. कुणालाही टोकू नये, फक्त ताम्हण पुढे करावे.

22 तारखेला सकाळी, ऊन चढण्याआधी, पुन्हा जावे. पुष्पचक्रांच्या तारा वेगळ्या करून फुले खतासाठी द्यावीत. सांडलेले मेण बर्फाने घट्ट करून लाकडी काडीने उचलावे. दगडावर एखादा नवा डाग किंवा तडा दिसला तर त्याचे छायाचित्र घेऊन वहीत तारखेसह नोंद करावी आणि ती नोंद आरआय साहेबांच्या कार्यालयात दाखवून सही घ्यावी. नोव्हेंबरच्या धुलाईची तारीख त्याच पानावर, सहीच्या खाली लिहावी.